अकरावी फेरी

चि. मुक्ता,

काल तू फोनवर "मला हे जमणार नाही, सोडून देते" म्हणालीस आणि मी ओरडले. ओरडायला नको होतं. पण रात्री तीन वाजता लेक अजून जागी आहे हे कळल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. नंतर झोपलीस का?

सकाळी तुझा प्रोग्रॅम मी कागदावर चालवून पाहिला. ० ते ९ यांचे दहा वर्ग, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ॲरेला, मेमरीतल्या त्या सलग घरांच्या रांगेला, ४० बाइट. पत्ता तू अगदी बरोबर काढला आहेस: इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेला घराचा क्रमांक, डावीकडे २ बिट सरकवून चौपट केलास आणि ॲरेच्या सुरुवातीच्या पत्त्यात मिळवलास. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या भाषेत 'ॲड', म्हणजे बेरीज, लिहिताना उत्तराचं रजिस्टर (प्रोसेसरच्या आतलं घर) आधी येतं. 'एसडब्ल्यू'ला, म्हणजे मेमरीत लिहिणाऱ्या स्टोअरला, मात्र जे लिहायचं ते आधी आणि कुठे लिहायचं ते नंतर, कंसात. मी या उलटसुलटीत महिनाभर अडखळत होते. तू एकदाही नाही. हे कालच सांगायला हवं होतं.

चुकली आहे ती लूपची अट, फेऱ्या कधी थांबवायच्या ते ठरवणारी. 'दहापेक्षा लहान' हवं तिथे तू 'लहान किंवा समान' घातलंस. म्हणून अकरावी फेरी झाली: इंडेक्स १०, सुरुवातीपासून ४० बाइटांवर. तिथे ॲरे संपलेला आहे. तिथे तू लगेच खाली ठेवलेली 'एकूण' ही संख्या आहे, किती घरं छापायची ते सांगणारी. तिच्यात १० होते, त्यावर १० चा वर्ग जाऊन बसला. दहाचे शंभर झाले आणि छापणारा लूप शंभर घरं वाचत सुटला.

जागा कुणाची आहे हे स्टोअर विचारत नाही. रजिस्टरमधले ४ बाइट, सर्वांत हलका बाइट सर्वांत लहान पत्त्यावर, असे मांडतं आणि पुढे जातं. तक्रार तिथे होत नाही, फार पुढे होते. म्हणूनच तू रात्रभर छापणाऱ्या लूपमध्ये चूक शोधत बसलीस. तो लूप निर्दोष होता गं. अशी जागरणं करून चूक सापडत नाही, थकलेल्या डोळ्यांना 'समान' दिसतच नाही, किती वेळा सांगितलं आहे मी तुला की

राहू दे. पुन्हा तेच करते आहे मी. माफ कर.

सहा वर्षांची असताना तू चौकटींच्या वहीत पाढे लिहीत होतीस. पान संपलं तरी थांबली नाहीस, तशीच टेबलावर लिहीत गेलीस. दादा चिडला, कारण टेबल त्याचं होतं. ते आकडे बाबांनी अजून पुसू दिलेले नाहीत. आज सकाळी मी त्याच टेबलावर तुझे पत्ते मांडत होते.

सोडायचं असेल तर सोड, मी अडवणार नाही. फक्त झोप झाल्यावर ठरव.

तुझी आई

ता. क. पुढे बेरजेच्या लूपमध्येही तीच अट दिसते आहे. आज नको, उद्या सकाळी बघ.