ती वही अजून आहे का?

२ जून, रात्रीचे साडेबारा

प्रिय सखे,

तुझी दोन पत्रं आणि तीन फोन माझ्याकडे उत्तराविना पडून आहेत. रागावली असशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचून मग रागाव. आमच्या तब्येती बऱ्या आहेत. माझा गुडघा होता तसाच, लेकीचा ताप उतरला.

आई-बाबा आले होते. न कळवता.

हे वाक्य तू पुन्हा वाचणार, कारण बाबांना तू ओळखतेस. पलीकडच्या गल्लीत जायचं तरी आदल्या दिवशी सांगून ठेवणारा माणूस. अकरावीत मी तुझ्याकडे अभ्यासाला यायचे तर त्यांनी काकूंना चिठ्ठी धाडली होती, ‘कन्या सायंकाळी ६ ते ८ या वेळेत येईल’, आणि काकूंनी ती वर्षभर आरशाला चिकटवून ठेवली होती. तोच माणूस शुक्रवारी रात्री नऊला दारात उभा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आईचा हात. माझ्या कानाला फोन होता. रविवारच्या शिबिराला रक्तपेढीने किती पिशव्या पाठवायच्या, किती खाटा, किती तंत्रज्ञ, हा घोळ चालू होता. मी बाबांना हातानेच ‘आत या’ अशी खूण केली. आठ महिन्यांनी भेटलेल्या आईला मी नुसती खूण केली, सखे.

आणि बाबांनी आईचा हात धरलेला आपण कधी पाहिला होता का गं? रस्त्याने चालतानासुद्धा ते चार पावलं पुढे. तेव्हा माझ्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही.

हे दिवस कसे असतात ते तुला सांगायला नको. कॉलेजं बंद, ठरलेले दाते सुट्टीला गेलेले. रक्ताचं काही साठवून ठेवता येत नाही, तांबड्या पेशी ३५ दिवस, फार तर ४२, आणि प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणजे मार्चमध्ये कितीही गोळा केलं तरी मेच्या शेवटी त्याचा उपयोग शून्य. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांच्या शरीराला सुट्टी माहीत नाही. ८ मेच्या थॅलेसेमिया दिनापासून १४ जूनच्या रक्तदाता दिनापर्यंत आमची यंदा अकरा शिबिरं ठरली. तू होतीस तेव्हा पाच व्हायची आणि त्या पाचांतच आपली तीनदा भांडणं व्हायची. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडायच्या की दाराकडे, यावरून तू माझ्याशी दीड दिवस बोलली नव्हतीस. तुझंच बरोबर होतं, रांगेतल्या माणसाला सुई दिसता कामा नये. आम्ही आता तसंच मांडतो.

तर शनिवार असाच गेला. आई-बाबा घरात आणि मी दिवसभर बाहेर. रात्री आले तेव्हा दोघं झोपली होती.

रविवारी पहाटे साडेपाचला उठून बघते तर टेबलावर अर्ज नाहीत. दारोदार जाऊन आमच्या पोरांनी भरून आणलेले १४० अर्ज. नाव, वय, वजन, आधीचे आजार, फोन. त्यात अकरा जण ओ निगेटिव्ह, त्यांना मी लाल खूण केलेली. कपाट बघितलं, पिशव्या बघितल्या. आईला उठवलं. ती म्हणाली, “कुठले कागद? मी नाही बघितले.” आणि मी ओरडले. तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हणाले, “तुला कुणी सांगितलं होतं आवरायला? दोन दिवस आलीस तर गप्प बसवत नाही का?” लेक दारात उभी राहून ऐकत होती. आई काहीच बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, परीक्षेत नापास झाल्यावर आपण बसायचो तशी.

बाबा म्हणाले, “थांब. मी बघतो.”

त्यांनी टेबलाकडे बघितलं नाही, कपाटाकडेही नाही. सरळ आतल्या खोलीत गेले, घडी घालून ठेवलेल्या पांघरुणांच्या थप्पीत हात घातला आणि खालून तिसऱ्या पांघरुणाच्या घडीतून गठ्ठा काढला. चारी कडा जुळवलेला, नाडीने बांधलेला. माझ्या हातात देऊन म्हणाले, “मोजून घे.” मी मोजलं नाही. गठ्ठा घेऊन पळाले.

सगळ्या पत्रात तुला सांगायचं आहे ते हेच. ते शोधत नव्हते गं. त्यांना जागा माहीत होती.

पण ते मला आज कळलं. रविवारी मी फक्त शिबिर बघत होते. अकराच्या सुमाराला ती दोघं मागाहून आली. बाबा रांगेत उभे राहिले. एकाहत्तराव्या वर्षी! आपली मर्यादा पासष्टची. नोंदणीवरच्या पोराला ‘आजोबा, नाही चालणार’ म्हणायचा धीर होईना, म्हणून मला बोलावलं. मी नियम सांगितला तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. “नियम म्हणजे नियम,” म्हणाले आणि पोराशेजारी खुर्ची ओढून नावं लिहायला बसले. त्यांचं अक्षर तू बघितलं आहेस. पेढीतल्या बाई म्हणाल्या, इतकी स्वच्छ नोंदवही त्यांना कधी मिळाली नव्हती.

आणि आई. एक मुलगा होता, अठरा नुकती पूर्ण झालेली, पहिलीच वेळ. झोपल्याबरोबर पांढराफटक. आई आपण होऊन त्याच्या उशाशी जाऊन बसली. कपाळावर हात ठेवला आणि त्याला बोलत ठेवलं. त्याची ३५० मिलीची पिशवी भरली तरी त्याला पत्ता नाही. मी पाय उंच करायला उशी घेऊन गेले तेव्हा ती त्याला सांगत होती, “माझी मुलगीपण सुईला अशीच घाबरते. नववीत आहे.” मुलगा हसला. मीही हसले. मला वाटलं, त्याला हसवायला सांगते आहे.

दुपारी तीनपर्यंत ११४ पिशव्या झाल्या. प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या तर सहा तासांच्या आत पिशव्या पेढीत पोचायला हव्यात, म्हणून गाडीबरोबर मी गेले. घरी यायला रात्र झाली. आज सकाळी दोघं परत निघाली. मी सोडायला गेले, तेही धावत. आई गाडीत खिडकीशी बसली होती. बाबा खाली उभे राहून म्हणाले, “तुझं हे काम कधीपर्यंत असतं?” मी सांगितलं, १४ जूनपर्यंत हे, मग पावसाळ्यात डेंगी सुरू होतो, तेव्हा प्लेटलेट्सची धावपळ, मग जरा बरं.

ते म्हणाले, “बरं.”

एवढंच. आणि गाडीत चढले.

आज रात्री जेवणं झाल्यावर मी अर्जांची नोंद करायला बसले. १४० चे १४१ भरले. दोनदा मोजले. जास्तीचा अर्ज मधोमध होता. निळ्या शाईत, आईच्या अक्षरात. कोरा अर्ज तिने भरून टाकला होता, शनिवारी कधीतरी, मी घरात नसताना. नाव बरोबर. रक्तगट बी पॉझिटिव्ह, तोही बरोबर. पत्ता आपल्या शाळेमागच्या जुन्या घराचा, जे सोडून तीस वर्षं झाली. वय ३८. ‘यापूर्वी रक्तदान केले आहे का?’ यापुढे तिने लिहिलंय, ‘नाही. मुलगी लहान आहे.’

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात उभी होते किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तुला लिहायला बसले.

आता रविवारची सकाळ, ते पांघरूण, तो हात धरणं, ‘नववीत आहे’, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलंय. आणि फोनसुद्धा. मार्चमध्ये बाबा म्हणाले होते, “चार दिवस यावं म्हणतो.” मी म्हणाले, आत्ता लेकीची परीक्षा आहे. एप्रिलमध्ये नव्या पोरांचं प्रशिक्षण होतं. मेमध्ये मी म्हणाले, बाबा, १४ जूननंतर निवांत या ना. तिन्ही वेळा ते “बरं” म्हणाले. आई शेजारी बसलेली असणार, फोनवर ते सांगणार काय? म्हणून ते न कळवता आले. त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा न कळवता कुणाचं दार वाजवलं ते माझं, तीन दिवस राहिले, आणि जे सांगायला आले होते ते न सांगता गेले, कारण मला वेळ नव्हता.

की मीच एका अर्जावरून एवढं रचते आहे? आई सत्तरीला आली, प्रवासाने थकली असेल, नवीन घरात माणूस गोंधळतो. तूच तेव्हा सांगितलं होतंस, विसरणं दिसलं की लगेच तेच समजायचं नाही, आधी थायरॉइड बघायचं, बी-१२ बघायचं, माणूस मनाने खचलंय का ते बघायचं, कारण त्यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. मी ते वाक्य मघापासून घोकते आहे. पण पांघरुणाच्या घडीतून कागद नेमका काढणारे बाबांचे हात आठवतात. असा हात एका दिवसात तयार होत नाही. ते किती महिने एकटे हे करत असतील? माझ्या धाकट्या भावाला काही माहीत नसणार. त्याला अजून कळवलेलं नाही, समुद्रापलीकडून तो करणार काय, नुसता रात्रभर जागेल.

आणि आता ते, जे मला तुला सात वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

काकूंसाठी तू शिबिरं सोडलीस तेव्हा मी तुझ्या दारात उभी राहून म्हणाले होते, “एका माणसाला सांभाळायला तू शंभर माणसं सोडते आहेस. एक बाई ठेव आणि रविवारी ये.” मला वाटत होतं, मी तुला बाहेर काढते आहे. तू दार लावून घेतलंस आणि आठ महिने माझ्याशी बोलली नाहीस. मग तू बोलायला लागलीस, पण त्या वाक्याबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. काकू गेल्या तेव्हाही मी ते मनात ठेवूनच तुझ्याशेजारी बसले होते. ते वाक्य चूक होतं. निर्दय होतं. मला तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं. मला माफ कर. तुला हवं तर पुन्हा आठ महिने बोलू नकोस, पण या पत्राचं उत्तर देऊन मग.

तुला आम्ही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणायचो ना, कुणाशीच जुळत नाहीस म्हणून? १९५२ साली तो गट सापडला हे सरांनी वर्गात सांगितलं त्याच दिवशी तुझं बारसं झालं होतं. त्या माणसांना रक्त लागलं तर त्याच गटाचं लागतं, दुसरं चालतच नाही. आज मला तुझ्याशिवाय कुणी चालणार नाही. बाकी कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, अगं वय झालं, होतं असं.

शिबिरांचं काय करू ते अजून सुटलेलं नाही. चार उरलीत. मी नसले तर थांबणार नाहीत, पोरं तयार आहेत, हे मला पटतंय. पण शनिवारच्या शिबिरावर सोळा मुलांचं रक्त अवलंबून आहे आणि त्यांच्या आयांचे फोन माझ्याकडे येतात, त्यांनाही मी ‘नंतर’ म्हणू शकत नाही. तूर्त एवढं ठरवलंय की गुरुवारी निघायचं, बाबांना न कळवता. शनिवारचं शिबिर नोंदणीवरच्या त्याच पोराकडे दिलंय. त्याला खुर्च्यांचं तेवढं बजावून ठेवलंय.

तुझ्या नव्या जागेचं विचारायचं राहिलंच. पाणी वर चढायला लागलं का? तुझ्या धाकट्याच्या निकालाबद्दल त्याला माझ्याकडून शाबासकी दे, आणि यंदा तरी त्याला हवं ते शिकू दे, तुझ्या नणंदेचं ऐकू नकोस. कंबरेचा पट्टा लावतेस का?

आता मला कळव. बाबांशी सुरुवात कशी करू? ‘मला कळलंय’ असं तोंडावर म्हटलं तर त्यांना वाटेल, आपण लपवू शकलो नाही, आणि ते आणखी मिटतील. आईसमोर बोलायचं नाही हे मला समजतंय, पण ती त्यांना क्षणभर सोडत नाही. तू काकांशी पहिल्यांदा बोललीस ते कुठे, काय म्हणालीस? डॉक्टरांकडे नेताना काकूंना काय सांगितलं होतंस? आई वय ३८ म्हणाली तर मी ‘हो’ म्हणू की दुरुस्त करू? तू दुरुस्त करायची नाहीस, मी पाहिलं होतं, आणि मला तेव्हा ते खोटं वागणं वाटलं होतं.

आणि काकू वस्तू लपवायला लागल्या तेव्हा तू त्या जागा एका वहीत लिहून ठेवायचीस ना? हिरव्या पुठ्ठ्याची. चष्मा पिठाच्या डब्यात, किल्ल्या उशीच्या अभ्र्यात, असं काय काय. ती वही अजून असेल तर गुरुवारच्या आत मला तिच्या पानांचे फोटो पाठव. बाबांना दाखवायची आहे.

तुझी,
मी