‘विकतेस का?’ असे विचारण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हाताने दागिने घडवणाऱ्या विद्यार्थिनीला हमखास विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाविषयी लिहावे, असे गेले कित्येक महिने मनात घोळत होते. माझ्या कानातले मी स्वतः केले आहे हे कळले की समोरची व्यक्ती ते कौतुकाने हातात घेते, उलटसुलट करून पाहते आणि लगेच विचारते, “विकतेस का?” विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, वस्तू विकण्याजोगी झाली आहे, अशी ती दादच असते. परंतु ‘नाही’ असे उत्तर दिले की कौतुक किंचित ओसरते आणि दुसरा प्रश्न येतो, “मग अभ्यासातून एवढा वेळ कसा काढतेस?” या दोन प्रश्नांच्या कात्रीत आम्हा विद्यार्थ्यांच्या छंदाला उभे राहायला जागाच उरत नाही. एक तर त्याचा व्यवसाय व्हावा, नाहीतर तो अभ्यासाच्या वेळेवर घातलेला डल्ला ठरावा. माझे म्हणणे असे आहे की, हाताने काहीतरी करून पाहण्याची हौस हा शिक्षणाचाच भाग आहे आणि त्या हौसेला विद्यार्थिदशेत जागा, वेळ व पुस्तके मिळायला हवीत.

मी विज्ञान शाखेची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी एक माळ तुटली, मणी खोलीभर विखुरले, आणि ते पुन्हा ओवताना या कामाची गोडी लागली. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम म्हणजे मणी ओवण्याचा विरंगुळा वाटतो, म्हणून त्यातली एक छोटीशी क्रिया जवळून दाखवते. मणी लोंबता राहावा यासाठी त्याच्या वर तारेची बारीक कडी वळवावी लागते. मण्यातून वर आलेली तार साधारण एक सेंटिमीटर ठेवून कापायची, ती मण्याला अगदी लागून काटकोनात मागे मोडायची, मग तिचे टोक गोल जबड्याच्या पकडीत धरून मनगट उलट दिशेने फिरवत पुढे आणायचे. हा काटकोन करायचा कंटाळा केला, की कडी मण्याच्या डोक्यावर बसत नाही, ती एका खांद्यावर कलंडते आणि सबंध कानातले कायमचे वाकडे लोंबते. हा काटकोन मला जमू लागला तो साठ-सत्तर कड्या वाया गेल्यावर, आणि तेव्हा झालेला आनंद एखाद्या अवघड गणिताचे उत्तर जुळल्यावर होणाऱ्या आनंदासारखाच होता.

तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हेदेखील मला चुका करूनच उमगले. वीस गेजची तार सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीची असते, तर चोवीस गेजची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. बारीक तार आकार धरून ठेवत नाही आणि जाड तार मण्याच्या छिद्रातून जात नाही. या दोहोंच्या मधली निवड म्हणजेच डिझाइनचा पहिला धडा. पुढचा धडा तांब्याने दिला. तांब्याची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की आधी ती कडक होते आणि मग तुटते. धातूच्या स्फटिकरचनेतील दोष एकमेकांत गुंतत जातात आणि अणूंचे थर सहजी सरकेनासे होतात, हे त्याचे कारण मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते, पण ते खऱ्या अर्थाने कळले तार बोटांमध्ये हट्टी होताना जाणवली तेव्हा. तीच तार मंद लाल होईपर्यंत तापवली की पुन्हा लोण्यासारखी वळू लागते. तांबे वितळते ते 1085 अंश सेल्सिअसला, म्हणजे लाल रंग दिसल्यानंतरही बरेच अंतर शिल्लक असते, आणि त्या अंतरातच कारागिराचे निम्मे कसब असते.

डिझाइन म्हणजे रंगसंगती आणि नक्षी, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात माझा अधिक वेळ जातो तो वस्तू कशी लोंबेल, कुठे टोचेल आणि कुठून तुटेल याचा विचार करण्यात. कडीत कडी अडकवली की प्रत्येक पुढची कडी आधीच्या कडीशी काटकोनात फिरते. त्यामुळे चपटे पान समोरून दिसावे असे वाटत असेल, तर हुक आणि पान यांच्यामध्ये कड्यांची संख्या सम ठेवायची की विषम, हे आधीच ठरवावे लागते. एक कडी चुकली, तर सुंदर पानाची नुसती कडा लोकांना दिसते. कडी उघडतानाही तिची टोके दोन बाजूंना फाकवायची नसतात. एक टोक पुढे आणि एक मागे असे सरकवायचे, म्हणजे बंद करताना गोलाई शाबूत राहते. या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण वस्तू वापरणाऱ्याच्या सोयीची काळजी त्यांतूनच दिसते.

ही काळजी मला एका चुकीने शिकवली. मैत्रिणीला मी आवडीने कानातले करून दिले आणि दोन दिवसांत तिच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजू लागल्या. मणी निर्दोष होते, दोष होता तो न विचारता आणलेल्या स्वस्त हुकांच्या मिश्रधातूत. त्यानंतर मी निकेलच्या अ‍ॅलर्जीविषयी वाचले. टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटता कामा नये, असा नियम युरोपीय संघाने केला आहे, हेही तेव्हाच समजले. आता हुक टायटॅनियम किंवा नायोबियम अशा निकेल नसलेल्या धातूचा असल्याशिवाय मी कुणालाही काहीही भेट देत नाही. रसायनशास्त्राची एवढी थेट जबाबदारी मला प्रयोगशाळेतसुद्धा कधी जाणवली नव्हती.

विद्यार्थिजीवन आणि हाताने घडवलेले दागिने यांच्या नात्याचा विचार करताना मला 1940 सालची एक घटना वारंवार आठवते. अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात विणकाम शिकवणाऱ्या ॲनी अल्बर्स आणि त्याच महाविद्यालयातील विद्यार्थी ॲलेक्स रीड यांनी मेक्सिकोतील माँटे अल्बान येथील थडग्यात सापडलेले प्राचीन दागिने पाहिले. त्यांत मोत्यांशेजारी साधे शंखशिंपले बिनदिक्कत बसवलेले होते. परतल्यावर या दोघांनी लोखंडी सामानाच्या दुकानांतून वस्तू शोधल्या आणि सिंकच्या तोंडाशी बसवायची जाळी, कागदाला लावायच्या क्लिपा, वॉशर, केसांच्या पिना यांपासून गळ्यातली केली. जाळीचे पदक झाले आणि तिच्या कडेने लोंबणाऱ्या क्लिपा झाल्या झालरीप्रमाणे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ते दागिने प्रदर्शनात मांडले गेले, आणि 1946 साली तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाने भरवलेल्या हस्तनिर्मित दागिन्यांच्या प्रदर्शनातही त्यांना स्थान मिळाले. मला या घटनेत सर्वाधिक भावते ते एक शिक्षिका आणि एक विद्यार्थी एकाच टेबलाशी बसून, काय निघेल हे ठाऊक नसताना क्लिपा अडकवून पाहत असतील, ते दृश्य. त्या टेबलापाशी ‘याचा उपयोग काय’ असे कुणी आधीच विचारले असते, तर जाळी सिंकमध्येच राहिली असती.

विक्रीला माझा विरोध नाही. शिक्षणाचा खर्च स्वतः उचलण्यासाठी वस्तू करून विकणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. मीही एकदा एकाच नमुन्याच्या बारा जोड्या करून देण्याचे काम घेतले होते. चौथ्या जोडीपासून हात आपोआप चालू लागला, बाराव्या जोडीपर्यंत दोन्ही कानांतली लांबी तंतोतंत जुळू लागली, म्हणजे सफाई निश्चितच आली. मात्र त्या महिन्यात मी एकही नवी गोष्ट करून पाहिली नाही, कारण बिघडलेल्या प्रत्येक कडीचा हिशेब मनात चालू असे. त्याआधी मी रात्री केलेले सकाळी मोडून, तार सरळ करून, नव्याने सुरुवात करत असे. बिघडवण्याची ही मुभा शिकणाऱ्याला लागतेच, आणि ती देण्याची सोय विद्यार्थिदशेत जितकी असते तितकी पुढे क्वचितच राहते.

आता पुस्तकांविषयी, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. ग्रंथालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात सोनारकामाचे दागिने 739.27 या क्रमांकाखाली येतात, मण्यांचे काम 745.582 खाली, तर हौशी, नकली दागिने 745.5942 खाली, खनिजे आणि खडे समजून घ्यायचे तर 549 कडे वळावे लागते. एका कानातल्यासाठी मी इतक्या कपाटांपुढे उभी राहिले आहे, आणि वाटेत वास्तुकला, विणकाम, अक्षररचना यांवरची न शोधलेली पुस्तके हाती लागली, ती वेगळीच. संगणकावर नेमके हवे ते सापडते, हे खरे. परंतु शेजारचे पुस्तक नजरेस पडण्याचे भाग्य कपाटापुढे उभे राहिल्याशिवाय लाभत नाही. दुर्दैवाने मी ज्या ग्रंथालयाची सभासद आहे, तिथे हस्तकलेची सचित्र पुस्तके ‘केवळ संदर्भासाठी’ म्हणून कुलपात आहेत आणि घरी नेण्याची परवानगी नाही. महाग पुस्तके जपण्यामागची चिंता मला समजते. तथापि कृती सांगणारे पुस्तक पकडीच्या शेजारी उघडे असावे लागते. पान उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवून, आकृती क्रमांक चार आणि आपल्या हातातली तार यांकडे आळीपाळीने पाहिल्यावाचून त्याचा काही उपयोग होत नाही. वाचनालयात शांत बसून ते वाचणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक काठावर बसून वाचण्यासारखे आहे.

वेळेचा प्रश्न उरतो. छिद्र पाडलेले, दोरा घासून गुळगुळीत झालेले शिंपल्यांचे मणी दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे 75,000 वर्षांपूर्वीचे मिळाले आहेत आणि मोरोक्कोतील बिझमून गुहेतले त्याहून कितीतरी जुने आहेत. रोजचे अन्न मिळवण्यातच दिवस जात असतील, त्या माणसांनीही मणी ओवायला वेळ काढला. मग आठवड्यातील दोन संध्याकाळी आम्ही पक्कड हातात घेतली, तर अभ्यासाचे गणित कोलमडत नाही, असा माझा अनुभव आहे. उलट दोन तास नजर एका मिलिमीटरवर स्थिर ठेवल्यानंतर वाचलेले प्रकरण अधिक नीट समजते.

म्हणून शिक्षणसंस्थांच्या चालकांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, हस्तकलेची पुस्तके निदान आठवडाभरासाठी घरी द्यावीत, वार्षिक प्रदर्शनात विक्रीच्या टेबलाशेजारी एक टेबल न विकायच्या वस्तूंसाठी राखून त्यांवर कोणती सामग्री वापरली आणि काय काय बिघडले हे लिहिण्यास विद्यार्थ्यांना सांगावे, आणि दुपारनंतर रिकाम्या पडणाऱ्या कार्यशाळा आठवड्यातून दोनदा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी उघड्या ठेवाव्यात. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक न डुगडुगणारे टेबल, त्याला मणी घरंगळू नयेत अशी उंच कड, सावली न पाडणारा दिवा आणि चार-पाच पकडी पुरतात. डोळ्यांवर लावायचे संरक्षक चष्मे मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, कारण कापलेल्या तारेचा तुकडा नेमका कुठे उडेल, हे अजून मलाही सांगता येत नाही.

आपली नम्र,
एक पदव्युत्तर विद्यार्थिनी