शेजारची उलथापालथ आणि लासलगावचे लिलाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परराष्ट्र धोरणावरील आपल्याकडची चर्चा बहुधा वॉशिंग्टन, बीजिंग आणि इस्लामाबाद यांच्याभोवतीच फिरते. शेजारच्या देशांतील अस्थैर्यामुळे दिल्लीला जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांचा भार कोणावर पडतो, याचा विचार त्यात क्वचितच होतो. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा आणि द्राक्ष उत्पादकांना मात्र तो टाळता येत नाही.

५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांना ढाका सोडावे लागले आणि पेट्रापोल-बेनापोल सीमेवरचा व्यापार थांबला. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक आहे. ऑगस्टमध्ये उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत असतो. दमट हवेत तो सडतो, त्याला कोंब फुटतात, आणि प्रत्येक आठवड्याला वजनात घट येते. त्यामुळे सीमेवर ट्रक अडकले की लासलगाव, पिंपळगाव या नाशिकमधील बाजारांच्या लिलावात व्यापाऱ्यांची बोली लगेच आखडते. त्यानंतर ढाक्यात आलेल्या अंतरिम सरकारशी संबंध ताणले गेले, एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशाची ट्रान्सशिपमेंट सुविधा (भारतातून तिसऱ्या देशांना माल पाठवण्याची सोय) काढून घेतली आणि मे महिन्यात तेथील तयार कपड्यांना जमिनीवरील बंदरांतून येण्यास मज्जाव केला. त्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कराचीहून चितगावला थेट मालवाहू जहाज पोहोचले होते. १९७१ नंतर असे प्रथमच घडले. एकाच नेतृत्वावर सारी भिस्त ठेवल्याचा हा परिणाम आहे, असे माझे मत आहे. ते नेतृत्व गेल्यावर आपल्याकडे दबावाची साधने उरली, पण विश्वास फारसा उरला नाही.

तो विश्वास कमी होण्यात कांद्याचाही वाटा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अचानक निर्यातबंदी केली, तेव्हा काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे, असे हसत सांगितले होते आणि अशा निर्णयाची आधी कल्पना द्यावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा तसेच घडले. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी तर ४ मे २०२४ पर्यंत चालली. ती उठली तेव्हाही ४० टक्के निर्यात शुल्क मानेवर होतेच. ते पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितले गेले: शहरांतले भाव. ढाक्याने मात्र यातून योग्य तो धडा घेतला. पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आणून पाहिला आणि स्वतःचे उत्पादन वाढवण्यावर भर दिला.

बंदीच्या काळात सरकारने कांद्याचा राजनैतिक उपयोग केलाच नाही, असेही नाही. 'इंडिया आउट' या भारतविरोधी मोहिमेच्या लाटेवर मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू सत्तेवर आले, त्यांनी भारतीय सैनिकांना परत पाठवण्याचा आग्रह धरला, आणि तरीही एप्रिल २०२४ मध्ये भारताने मालदीवला कांद्यासह जीवनावश्यक वस्तूंचा कोटा मंजूर केला. हा निर्णय शहाणपणाचा होता. तक्रार एवढीच की, जो माल मैत्री राखण्यासाठी परदेशी पाठवता येतो, तोच माल त्याच महिन्यात निफाडचा शेतकरी खुल्या बाजारात निर्यात करू शकत नव्हता.

सगळ्याच झळा दिल्लीच्या निर्णयातून येत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर केलेल्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेले. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, भाडे वाढले. त्यावर भारताचे फारसे नियंत्रण नव्हते. आणि युक्रेनच्या प्रश्नावर २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने तटस्थ राहणे का पसंत केले, हे ओझरच्या विमान कारखान्यात रशियन परवान्याने सुखोई-३० लढाऊ विमाने बनत आलेली पाहणाऱ्या नाशिककरांना समजावून सांगावे लागत नाही.

पण निर्यातबंदी ही पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट आहे. तिची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतून निघते आणि परिणाम परराष्ट्र मंत्रालयाला निस्तरावे लागतात. बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांसारख्या शेजाऱ्यांना दरवर्षी किमान किती कांदा देणार, हे हंगामाआधी जाहीर करावे आणि तेवढ्या मालाला कोणत्याही बंदीतून वगळावे. बंदी घालण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाचे मत घेतले जाते काय, आणि २०१९, २०२० व २०२३ मध्ये ते घेतले होते काय, असा प्रश्न नाशिक व दिंडोरीच्या खासदारांनी लोकसभेच्या येत्या अधिवेशनात लेखी उत्तरासाठी विचारावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपला,
एक वाचक, नाशिक