काकूंच्या बीपीबद्दल शोभेला पत्र

सातारा
रविवार

प्रिय शोभे,

परवा फोनवर तू नुसते आकडे सांगत होतीस. सकाळी १७८, दुपारी १२४, रात्री १९०. काकू बिचाऱ्या मागून ओरडत होत्या, "अगं, मला काही होत नाहीये!" आमच्या अण्णांच्या वेळी मी यातून गेलेय, म्हणून सगळं एकदा लिहूनच कळवते. गोळी कमी-जास्त करणं मात्र तुमच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडणार नाही.

वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात. मग वरचं बीपी चढतं आणि खालचं उलट उतरतं. त्यामुळे १७०/६८ आलं म्हणून लगेच मशीनला नावं ठेवू नकोस. उठता-बसताना, जेवल्यावर बीपी आपोआप सावरून धरण्याची शरीराची सवयही ऐंशीनंतर मंदावते. त्यामुळे थोडी वर-खाली व्हायचीच.

पण त्यातली निम्मी वर-खाली तुमच्या मोजण्यातली असावी, असा मला दाट संशय आहे. फोनवर मशीनची घरघर चालू होती, टीव्हीवर मालिका चालू होती आणि काकू तुला आमटी उतरवायला सांगत होत्या! मोजताना बोललं तरी आकडा चढतो गं. आधी त्यांना लघवीला जाऊन येऊ दे. चहा होऊन अर्धा तास तरी झालेला असू दे. मग पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवायचं. खाटेवरून पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, जमिनीला टेकवायचे. हात उशीवर, छातीच्या पातळीला. आणि ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधू नकोस, दंड आवळला जातो. त्या वेळेपुरतं सैल बाहीचं काहीतरी घालू दे. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तरीही आकडा जास्तच दाखवतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज आणि दोन्ही आकडे कालनिर्णयच्या चौकटीत लिही. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एवढं पुरे. दर तासाला मोजलंस तर आकडा बघून धडधड वाढेल आणि धडधडीने आकडा. इतकं करूनही दोन आकड्यांत फार फरक येत असेल, तर नाडी अनियमित नाही ना, हे डॉक्टरांना बघायला सांग. ठोके अनियमित असले की ही मशीनं गोंधळतात.

आता मुख्य गोष्ट. उभं राहिल्यावरचं बीपी तू एकदाही मोजलेलं नाहीस, हो ना? आमच्याकडेही कुणी मोजत नव्हतं. अण्णा पहाटे बाथरूमच्या दारात भेलकांडायचे आणि आम्ही म्हणायचो, बीपी वाढलं असेल. एका डॉक्टरांनी त्यांना बसवून मोजलं, १६४. उभं केलं, एक मिनिट थांबून पुन्हा मोजलं, तर १२८! अण्णा टेबलाची कड धरून म्हणाले, "जरा अंधारल्यासारखं होतंय." उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. अण्णांची प्रोस्टेटची गोळी आणि बीपीची गोळी दोन्ही रात्री एकदमच पडत होत्या. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बीपीही उतरतं. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या आणि भेलकांडणं बरंच कमी झालं. मला विचारशील तर या वयात १७० च्या आकड्यापेक्षा खुब्याच्या हाडाची भीती जास्त. काकूंना उठताना आधी खाटेच्या कडेला बसू दे, पावलं हलवू दे, मग उभं राहू दे.

गुडघ्यासाठी त्या कोणती गोळी घेतात? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही असेल तर बीपी चढवणारा घरातच बसलाय. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्याही तशाच, आणि रोज चघळलेलं ज्येष्ठमधसुद्धा. तुझ्या जाऊबाईंनी सुचवलेली सर्पगंधा तर मुळीच नको. ती निरुपयोगी आहे म्हणून नव्हे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती खरोखर बीपी उतरवते, म्हणूनच चालू गोळ्यांवर आपल्या मनाने तिची भर नको. कमी सोडियमचं मीठही विचारल्याशिवाय आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीबरोबर ते रक्तात वाढू शकतं. त्यापेक्षा पापड-लोणचं आवर.

दादा म्हणतो ना, ऐंशीनंतर गोळ्या हव्यात कशाला? त्याला सांग, ऐंशीच्या पुढच्या लोकांवरच झालेल्या हायव्हेट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. गोळ्या घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. पण तिथेही बीपी १५०/८० पर्यंतच आणायचं ठरवलं होतं. काकूंसाठी कुठला आकडा धरायचा, ते डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घे.

रात्री १९० दिसलं आणि त्रास काही नसेल, तर निवांत बसवून पुन्हा मोज आणि डॉक्टरांना फोन कर. जास्तीची गोळी नको, आणि शेजारचे सांगतात तशी जिभेखाली कॅप्सूल फोडणं तर नकोच. बीपी धाडकन उतरलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, यांतलं काहीही झालं तर आकडा कितीही असो, थेट हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून ने, गुडघ्याची आणि झोपेचीसुद्धा. मशीनही ने, म्हणजे त्यांच्या मशीनशी ताडून बघता येईल. काकूंना नमस्कार सांग. उभ्याने मोजलेले आकडे मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.

तुझी,
मंगल