विजेत्याला दगड!

उत्तर फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे सायकल शर्यतीला क्रीडा पानावर जेमतेम चार ओळी मिळतात: विजेत्याचे नाव आणि वेळ. खरी गंमत तर रस्त्यात आहे. १८९६ पासूनची ही एकदिवसीय शर्यत आता सुमारे २६० किलोमीटरची असते आणि त्यातले पन्नासेक किलोमीटर निव्वळ ओबडधोबड दगडी रस्ते. (नावात पॅरिस असले तरी १९७७ पासून सुरुवात कोंपिएन्यला होते, ते सोडा.) आरेनबर्गच्या जंगलात स्वारांचे हात हँडलवर असे थडथडतात की टीव्हीसमोर बसलेल्या माझी मनगटे दुखू लागतात. शेवटी रूबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानात, पोचतात ते धुळीने माखलेले चेहरे; दात तेवढे पांढरे. विजेत्याला स्मृतिचिन्ह म्हणून दगडच देतात!

‘उत्तरेचा नरक’ हे या शर्यतीचे टोपणनाव मात्र दगडांवरून पडलेले नाही. पहिल्या महायुद्धाने उजाड केलेला मुलूख १९१९ मध्ये पाहून ते पडले. हे दगडी रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून तिथे स्वयंसेवक खपतात. महिलांची शर्यत मात्र थेट २०२१ मध्ये सुरू झाली, याला काय म्हणावे?

पुढच्या एप्रिलमध्ये निकालासोबत मार्गाचा नकाशा तरी छापावा, ही विनंती.

– एक सायकलवेडा वाचक, पुणे