बे-विंडोचे माप भिंतीवर घेऊ नका

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर घराघरांत पडदे बदलले जातात. बाजारात तयार पडदे बहुधा पाच, सात आणि नऊ फूट उंचीचे, चार फूट रुंदीचे मिळतात. सरळ चौकोनी खिडकीला ते चालून जातात. पण मुंबई-पुण्याच्या इमारतींत तीन बाजूंची बे-विंडो, दोन भिंतींत मिळून असलेली कोपऱ्याची खिडकी, बीमला टेकलेली खिडकी सर्रास दिसते आणि जुन्या वाड्यांत कमान असते. अशा ठिकाणी आधी कापड पसंत करून मग खिडकीकडे पाहिले की पैसे वाया जातात. गृहसजावटीच्या पुरवण्यांत रंगसंगतीवर भरपूर वाचायला मिळते, मापावर फार कमी. म्हणून हे पत्र.

सर्वाधिक चुका बे-विंडोत होतात. मधल्या भिंतीची लांबी टेपने १५० सेंमी भरली की तेवढाच रोलर ब्लाइंड (नळीवर गुंडाळला जाणारा सपाट पडदा) मागवला जातो. पण ब्लाइंड भिंतीत शिरत नाही, तो तिच्यापुढे लटकतो. नळी आणि ब्रॅकेट मिळून तो साधारण ८ सेंमी पुढे येतो. १३५ अंशांच्या कोपऱ्यात ८ सेंमी पुढे आले की प्रत्येक टोकाला सुमारे ३.३ सेंमी जागा कमी होते. म्हणजे प्रत्यक्षात हाती उरतात १४३ सेंमीच, आणि १५०चा ब्लाइंड शेजारच्या ब्लाइंडवर आपटतो. कोन मोजण्याच्या भानगडीत पडू नये. खिडकीच्या कट्ट्यावर तिन्ही बाजूंना ८ सेंमी रुंद पुठ्ठ्याच्या पट्ट्या भिंतीला चिकटवून ठेवाव्यात आणि त्यांच्या खोलीकडच्या कडा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खूण करावी. दोन खुणांमधले अंतर हेच खरे माप. हाच प्रयोग वर, ब्लाइंड बसणार त्या उंचीवर पुन्हा करावा, कारण कोपरे ओळंब्यात असतीलच असे नाही. काटकोनी कोपऱ्यात तर पूर्ण ८ सेंमी जातात. तिथे एक ब्लाइंड कोपऱ्यापर्यंत न्यावा आणि दुसरा तेवढा आखूड करावा.

बे-विंडोला कापडी पडदाच हवा असेल तर रॉड आणि रिंगांचा आग्रह सोडावा. रिंग वळणावर अडकते, मधल्या ब्रॅकेटवरून तर सरकतच नाही. वळवलेला ॲल्युमिनियमचा चॅनल आणि त्यात धावणारे रनर हाच टिकाऊ उपाय. कापड चॅनलच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट घ्यावे. त्याहून कमी घेतले तर पडदा चादरीसारखा सपाट दिसतो.

खिडकीच्या चौकटीत बसणाऱ्या ब्लाइंडसाठी रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजावी आणि सर्वांत कमी आकडा द्यावा. दोन्ही कर्णही मोजावेत. ते जुळले नाहीत तर खिडकी तिरकी आहे, तिथे ब्लाइंड चौकटीबाहेर लावावा. दुकानदाराला ‘ही उघडी जागा आहे, ब्लाइंडचे माप नव्हे’ असे स्पष्ट सांगावे. तो बसण्यापुरती सूट स्वतः कापतो. ग्राहकानेही कापली तर फट दुप्पट होते. शिवाय रोलरचे कापड ब्रॅकेटपेक्षा एकूण तीन-साडेतीन सेंमी अरुंदच असते. बेडरूममध्ये पूर्ण अंधार हवा असेल तर चौकटीतला रोलर पुरणार नाही.

बीमला टेकलेल्या खिडकीवर रॉडला जागा नसते. ब्रॅकेट बीमच्या दर्शनी बाजूला किंवा तळाला घ्यावे लागते. ड्रिल सळईला लागले तर सळई कापू नये, भोक बाजूला घ्यावे. मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती सगळ्याच काँक्रीटच्या, तिथे साधे ड्रिल चालत नाही. रोटरी हॅमर लागतो. उलट हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकमध्ये साधा रावळप्लग (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुल्ली) काही दिवसांत ढिला होतो, तिथे त्या ब्लॉकसाठीचा लांब प्लगच वापरावा.

वाड्यातली कमान झाकून टाकणे आम्हाला पटत नाही. कमान जिथून सुरू होते त्या रेषेवर रॉड घेऊन खालचा चौकोन झाकावा, वरचा उजेड राहू द्यावा. खिडकीची दारे आत उघडत असतील तर पडदा पूर्ण बाजूला जाईल इतका रॉड दोन्हीकडे वाढवावा. कमानीच्या आकाराचेच काही हवे असेल तर ब्राऊन पेपर लावून आकार गिरवून द्यावा. कागदावर लिहिलेल्या आकड्यांवरून कमान नीट बसत नाही.

किनारपट्टीवर लोखंडी ब्रॅकेट गंजतात, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे. लहान मुले असतील तर दोरीविना चालणारा ब्लाइंड घ्यावा. लोंबती दोरी गळ्यात अडकून मुलांचा जीव जाऊ शकतो. दोरी असलीच तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी, जमिनीपासून किमान दीड मीटर उंच गुंडाळून ठेवावी.

वास्तुविशारद आणि बांधकाम व्यावसायिकांना आमची विनंती आहे: पडदा नकाशातच दाखवा. फॉल्स सीलिंगमध्ये खिडकीलगत एका चॅनलसाठी १५ सेंमी, दोनसाठी २० सेंमी रुंद खाच सोडा आणि तिच्या माथ्याशी प्लायवूडची पट्टी घट्ट बसवा. नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू धरत नाही, जड पडदा बोर्डासकट खाली येतो. हे छत बंद होण्याआधीच करावे लागते. नंतर छत कापण्यावाचून मार्ग उरत नाही.

– पडदे व ब्लाइंड बसवणारे कारागीर, पुणे