ब्रेबॉर्नच्या धावा चालतात, मग वेम्बलीचा गोल का नको?

मा. संपादक,

आपल्या पानावर एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांच्या याद्या छापताना १९४० ते १९४५ या वर्षांपुढे रेघ मारून खाली ‘महायुद्धामुळे स्पर्धा नाही’ अशी टीप टाकली जाते. टीप खोटी नाही, अपुरी आहे. त्या काळात इंग्लिश क्लब ‘वॉर कप’ खेळत होते आणि त्याचे पहिले दोन अंतिम सामने लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झाले. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौजांची माघार आटोपून चारच दिवस झाले असताना, ८ जून १९४० रोजी, वेस्ट हॅमने ब्लॅकबर्न रोव्हर्सला १-० असे हरवले.

त्याच्या पुढच्या वर्षीचा सामना तर विसरण्यासारखा नाहीच. १० मे १९४१, प्रेस्टन नॉर्थ एंड विरुद्ध आर्सेनल. बॉम्बहल्ल्यांची धास्ती असूनही ६० हजारांच्या आसपास प्रेक्षक! सुरुवातीलाच आर्सेनलला पेनल्टी मिळाली. लेस्ली कॉम्प्टनची किक खांबावर आदळली आणि लगेच मॅक्लॅरेनने प्रेस्टनचा गोल केला. लेस्लीचा धाकटा भाऊ डेनिस याने बरोबरी साधली, १-१. त्याच रात्री जर्मन विमानांनी लंडन भाजून काढले, पार्लमेंटचे कॉमन्स सभागृहही जळाले. तीन आठवड्यांनी ब्लॅकबर्नला फेरसामना झाला. बीटीच्या दोन गोलांवर प्रेस्टनने तो २-१ असा जिंकला.

त्या प्रेस्टन संघात १९ वर्षांचा टॉम फिनी होता, प्लंबिंगचे काम शिकलेला पोरगा. पुढे तो इंग्लंडच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला, पण एफए कप किंवा पहिल्या डिव्हिजनचे (तेव्हाच्या सर्वोच्च लीगचे) विजेतेपद त्याला कधीच लाभले नाही. आपल्या यादीप्रमाणे पाहिले तर बिचारा रिकाम्या हातानेच निवृत्त झाला.

युद्धकाळातले सामने हिशेबात न धरण्याचे एक कारण नेहमी दिले जाते. खेळाडू लष्करात, जिथे नेमणूक असेल तिथल्या क्लबकडून ‘पाहुणा’ म्हणून उतरायचे, त्यामुळे संघ खऱ्या अर्थाने त्या क्लबचे उरले नव्हते. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण हाच डेनिस कॉम्प्टन क्रिकेटपटूही होता; पुढे तो लष्करी नोकरीत इंदूरजवळच्या महूला आला आणि १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध खेळला. दुसऱ्या डावात नाबाद २४९! विजय मर्चंट यांच्या २७८ मुळे होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य होते. ते ३७४ धावांनी हरले. कॉम्प्टन तिथे पाहुणा नव्हता तर काय होळकरांचा जहागीरदार होता? तरीही त्या २४९ धावा प्रथम श्रेणीच्या नोंदीत मानाने बसल्या आहेत, आणि त्याच्या वेम्बलीवरच्या गोलाला अधिकृत कोष्टकात जागा नाही.

इंग्लिश फुटबॉलवाल्यांनी काय करावे हे आपण सांगू शकत नाही. आपल्या पानावर मात्र त्या रेघेऐवजी ‘वॉर कप : वेस्ट हॅम (१९४०), प्रेस्टन (१९४१)’ एवढे छापायला जागा फारशी लागणार नाही.

– एक वाचक, माटुंगा, मुंबई